इन्सिनरेटरची राख सिमेंटमध्ये बांधताना नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं

खानदेशात नुसतं 'राख' म्हटलं की दीपनगरच आठवतं. भुसावळच्या औष्णिक वीजकेंद्राची ती करडी, पिठासारखी राख विटांत जाते, ब्लॉकमध्ये जाते, रस्त्याच्या भरावात जाते. सिमेंटमध्ये मिसळली तर कामही चांगलं देते. त्यामुळे दवाखान्यांचा किंवा शहराचा कचरा इन्सिनरेटरमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या भट्टीत, जाळून उरलेली राखही त्याच जातीची असावी, थोडं सिमेंट घालून ब्लॉक पाडले की विषय मिटला, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. हा समज मोडायलाच हवा. दोन्ही राखा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

दीपनगरच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. क्लोराइड जवळपास नाही, शिसं असलं तर किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात. कचऱ्याच्या भट्टीच्या, धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरखालून निघणाऱ्या राखेत मात्र क्लोराइडच १० ते २५ टक्के सापडतं. झिंक किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त, शिसं किलोमागे ग्रॅमच्या हिशोबात, शिवाय कॅडमियम, पारा आणि डायॉक्सिन, म्हणजे कचरा जळताना तयार होणारं विषारी सेंद्रिय रसायन. हे होतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कचऱ्यातल्या पीव्हीसी प्लॅस्टिकचा आणि मिठाचा क्लोरीन भट्टीत धातूंना धरतो. झिंक क्लोराइड ७३२ अंश सेल्सिअसला उकळतं, शिशाचं क्लोराइड ९५० अंशांना. म्हणजे भट्टीच्या तापमानाला हे धातू वाफ होऊन धुराबरोबर निघतात आणि धूर थंड होताच बारीक कणांवर जाऊन बसतात. काच, लोखंड, माती असला जड माल खाली तळाशी राहतो. म्हणून तळाची राख, म्हणजे बॉटम ॲश, त्या मानाने सौम्य असते आणि फिल्टरची राख, म्हणजे फ्लाय ॲश, विषारी.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. सिमेंट विष नाहीसं करत नाही, ते फक्त अडकवून ठेवतं. अडकलेलं विष बाहेर येणार की नाही, हे ब्लॉक किती कडक झाला त्यावर नाही, तर आतल्या पीएचवर (आम्ल-अल्कलीच्या मापावर) आणि पाणी आत किती शिरतं त्यावर ठरतं. हातोडी मारली तर टणटण वाजणारा ब्लॉकसुद्धा शिसं सोडू शकतो.

आधी राख ओळखा

पहिला नियम: बॉटम ॲश आणि फ्लाय ॲश एकाच ढिगात कधी टाकू नका. मिसळल्या की सगळा ढीग विषारी होतो, आणि जिथे थोडी राख बांधून भागलं असतं तिथे कितीतरी पट जास्त बांधावी लागते. शहरी कचरा जाळला तर साधारण २० ते २५ टक्के वजनाची बॉटम ॲश निघते, फिल्टरकडचा माल जेमतेम २ ते ४ टक्के. एवढ्याशा मालापायी बाकीचा बिघडवू नये.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या बऱ्याच भट्ट्यांना बॅग फिल्टर नसतो, धूर पाण्याने धुणारा व्हेंचुरी स्क्रबर असतो. तिथे उडणारे धातू पाण्यात उतरतात आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, गाळात जमतात. अशा ठिकाणी राखेची चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत होणं चूक आहे. विष गाळात बसलेलं असतं, नमुना गाळाचाही घ्यायला हवा.

नमुना एकाच जागचा घेऊ नका. दर पाळीला हॉपरमधून, म्हणजे राख जमते त्या नरसाळ्यातून, किलोभर राख काढा, आठवडाभराचा माल ताडपत्रीवर एकत्र करा, गोल ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे परत पाठवा, आणि असं करत करत दोनेक किलोवर या. मग लगेच हवाबंद डब्यात भरा. या राखेत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतली ओल ओढतं. उघडी ठेवलेली राख पावसाळ्यात एका रात्रीत चिकट होते. शिवाय तिच्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पीएच खाली येतो. म्हणजे प्रयोगशाळेत जी राख पोहोचेल ती तुमच्या हॉपरमधली नसेल.

पुढच्या तपासण्या स्वतःच्या शेडमध्येही होतात. १० ग्रॅम राख १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ढवळा, पीएच आणि विद्युतवाहकता मोजा. पीएच १२ च्या वर असेल तर धुरात चुना फवारला जातोय आणि त्यातला बराचसा न वापरता राखेत उतरलाय. अशा राखेत डोकेदुखी शिशाची. पीएच ७ ते १० असेल तर चुना नाही, आणि तिथे कॅडमियम आणि झिंक सहज विरघळून येतात. या दोन जातींना एकच कृती चालत नाही. वाहकता जितकी जास्त तितकं मीठ जास्त, आणि पुढे त्रास तितका जास्त.

दुसरी तपासणी ॲल्युमिनियमची. औषधांच्या पट्ट्यांची चांदी, पातळ पत्रे, झाकणं यांतलं धातुरूप ॲल्युमिनियम राखेत शिल्लक राहतं आणि अल्कलीत भिजलं की हायड्रोजन सोडतं. १० ग्रॅम राख काचेच्या बाटलीत घ्या, त्यात १ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं १०० मिली द्रावण टाका, बुचातून नळी काढून पाण्यात उलटं धरलेल्या मोजपात्रात वायू गोळा करा. १ ग्रॅम ॲल्युमिनियममागे सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो. समजा राखेत अर्धा टक्का ॲल्युमिनियम आहे. मग १०० किलोच्या एका बॅचमधून ६०० लिटरहून जास्त हायड्रोजन निघणार. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरेशी असते. बंद ड्रममध्ये ओली राख ठेवू नका असं बजावून सांगतात ते यासाठीच.

सिमेंट आत काय करतं

सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया झाली की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल तयार होतो. राखेचे कण त्यात गाडले जातात, छिद्रं बारीक होतात, पाण्याची वाट अडते. हा झाला भौतिक भाग. रासायनिक भाग असा की अल्कलीमुळे धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, आणि काही धातू थेट त्या जेलच्या रचनेत धरले जातात. क्लोराइडचा काही हिस्सा सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी जुळून फ्रीडेल सॉल्ट नावाचा स्फटिक होतो. पण सोडियम-पोटॅशियमची क्लोराइडं जवळपास तशीच मोकळी राहतात. ब्लॉकवर पाणी पडलं की ती धुऊन निघणार, आणि जिथून ती निघाली तिथे पोकळी राहणार.

शिशाचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. शिशाचं हायड्रॉक्साइड पीएच साडेनऊ-दहाच्या आसपास सगळ्यात कमी विरघळतं. पीएच खाली उतरला की विरघळतं, आणि पीएच १२ च्या वर चढला तरी पुन्हा विरघळतं. झिंकचंही तसंच. कॅडमियम मात्र ११ च्या आसपास शांत असतं आणि वर गेलं तरी फारसा त्रास देत नाही. म्हणून चुन्याने भरलेल्या राखेत 'अजून थोडं सिमेंट टाका' हा सल्ला शिशाच्या बाबतीत हमखास उपयोगाचा नसतो. पीएच आधीच साडेबारा आहे, सिमेंट तो खाली आणत नाही.

क्रोमियमचा सहा संयुजेचा प्रकार सिमेंट नीट धरत नाही. त्याला आधी फेरस सल्फेटने तीन संयुजेवर आणावं लागतं. कागदावरचा हिशोब असा येतो की १ ग्रॅम क्रोमियमला १६ ग्रॅम फेरस सल्फेटचे हिरवे खडे. प्रत्यक्षात अल्कलीत फेरस लवकर खराब होतं, म्हणून दोन-तीन पट घ्यावं लागतं, आणि ते सिमेंटच्या आधी घालावं लागतं. पाऱ्याला सल्फाइड लागतं. डायॉक्सिनचा तर सिमेंटशी काही रासायनिक संबंधच नाही. ते फक्त गाडलं जातं. डायॉक्सिन मोडायचं तर जपानमध्ये करतात तशी, कमी ऑक्सिजनमध्ये ३५० ते ४०० अंशांवर राख तापवायची वेगळी यंत्रणा लागते.

मिश्रणाची कृती

खाली दिलेली प्रमाणं ही सुरुवात आहे, अंतिम कृती नव्हे. राख बदलली की प्रमाण बदलतं, आणि कचरा बदलला की राख बदलते.

कोरड्या राखेचे १०० भाग धरून सिमेंटचे २०, ३०, ४० आणि ६० भाग असे चार प्रयोग करा. सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड, घ्या, आणि शेजारी स्लॅग सिमेंटची (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटची) एक ओळ लावा. जवळ मिळत असेल तर स्लॅग सिमेंटलाच माझी पसंती आहे. ते क्लोराइड जास्त धरतं, छिद्रं बारीक करतं, आणि त्यातलं सल्फाइड क्रोमियमला थोडी मदत करतं. चुना भरपूर असलेल्या राखेत दीपनगरच्या राखेचा खरा उपयोग आहे. सिमेंटच्या वजनाच्या २५ ते ५० टक्के जागी ती घाला. जास्तीचा चुना तिच्यातली सिलिका खाते, त्यातून नवा जेल तयार होतो आणि पीएचही थोडा उतरतो. हे काम हळू चालतं, त्यामुळे ७ दिवसांची ताकद पाहून तिला नापास करू नका. २८ आणि ५६ दिवसांचं पाहा.

शिसं ऐकत नसेल तर फॉस्फेट. राखेच्या वजनाच्या ३ आणि ५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड पातळ करून आधी ओल्या राखेत मुरवलं तर शिशाचं फॉस्फेट तयार होतं. क्लोराइड हजर असल्यामुळे ते पायरोमॉर्फाइट जातीचं खनिज बनतं आणि खूप मोठ्या पीएच पट्ट्यात घट्ट राहतं. अडचण एवढीच की मोकळा चुना भरपूर असेल तर तो पहिल्यांदा फॉस्फेट खाऊन टाकतो. म्हणून चुनखड राखेला फॉस्फेट जास्त लागतं. ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि राखेत टाकताना बारीक धारेने, कारण माल तापतो.

पाणी किती? ही राख बारीक असते आणि पाणी पिते. १०० भाग राखेला ४० ते ६० भाग पाणी लागतं. गवंडी हाताच्या अंदाजाने 'माल पातळ कर' म्हणतो आणि पाइप सोडतो. इथे ते चालणार नाही. जास्तीचं प्रत्येक लिटर पाणी पुढे एक छिद्र ठेवून जातं. माल मुठीत दाबला तर गोळा राहावा आणि बोटांमधून पाणी गळू नये, एवढाच ओला ठेवा. पण ही मुठीची परीक्षा हातमोजे घालूनच करायची. राखेचं पाणी पीएच १२ च्या वर असतं आणि कातडी भाजते.

क्रम असा. राख आणि लागणाऱ्या पाण्यातलं तीन चतुर्थांश पाणी पॅन मिक्सरमध्ये पाच मिनिटं फिरवा. साधा ड्रम मिक्सर टाळा, त्यात गोळे होतात आणि गोळ्याच्या आत कोरडी राख तशीच राहते. ओली राख उघड्या टाकीत, चारही बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये, २४ तास सोडा. या वेळात ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडून घेतं आणि मोकळा चुना विझतो. आजूबाजूला वेल्डिंग, विडी-सिगारेट, ग्राइंडर काही नको. युरिया फवारणाऱ्या भट्टीची राख असेल तर ओली करताच अमोनियाचा डोळे चुरचुरणारा वास येतो, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून उभं राहावं. दुसऱ्या दिवशी फेरस सल्फेट किंवा फॉस्फेट टाकून दहा मिनिटं फिरवा. शेवटी सिमेंट आणि उरलेलं पाणी, पुन्हा पाच ते दहा मिनिटं. सिमेंट पडल्यावर अर्ध्या तासात माल साच्यात गेला पाहिजे.

कोरडी राख ओतताना साधा कापडी रुमाल तोंडाला बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. बारीक कणांचं फिल्टर असलेला अर्धा मास्क, बंद चष्मा, कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि अंगावरचे कपडे घरी न्यायचे नाहीत. राख कोरडी झाडू नये, ओलं पुसावं.

मे महिन्यातलं क्युरिंग

जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि झळांनी दुपारी ताजा माल तासाभरात वरून कोरडा पडतो. वरचा थर सुकला की आतल्या सिमेंटला पाणी मिळत नाही आणि ब्लॉकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. आपली नेहमीची सवय म्हणजे दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारायचं. ही सवय या कामात सोडून द्या. पाणी मारलं की क्लोराइड आणि त्याच्यासोबत शिसं पाण्यात उतरतं, आणि क्युरिंगचं ते पाणी स्वतःच धोकादायक कचरा होतं. त्याऐवजी ब्लॉक साच्यातून काढताच जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, सगळ्या कडा बंद करा, आत एक ओलं गोणपाट ठेवलं तरी पुरे. माल पहाटे मळा, दहाच्या आत साचे भरून झाले पाहिजेत. पिंप आणि सिमेंटच्या गोण्या सावलीत ठेवा.

ब्लॉक फार मोठे पाडू नका. चुना विझण्याची उष्णता, सिमेंटची उष्णता आणि वर हे ऊन, असं मिळून मोठ्या ठोकळ्याचा गाभा ७० अंशांच्या वर जाऊ शकतो. त्या तापमानाला एट्रिंगाइट नावाचा सल्फेटचा स्फटिक टिकत नाही. तो नंतर थंड, कडक झालेल्या ब्लॉकमध्ये पुन्हा तयार होतो, जागा मागतो आणि ब्लॉक आतून फोडतो. आज चांगला दिसलेला ब्लॉक सहा महिन्यांनी भेगाळलेला सापडतो तो बऱ्याचदा यामुळे. फेरस सल्फेट सढळ हाताने टाकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

माल बिघडला तर

दुसऱ्या दिवशी नख रुतत असेल, म्हणजे माल बसलाच नसेल, तर कारण बहुतेक झिंक असतं. झिंकचं संयुग सिमेंटच्या कणावर पातळ साय धरतं आणि पाणी आत जाऊ देत नाही. शिसंही तेच करतं. अशा वेळी बाजारातला कॅल्शियम क्लोराइडचा ॲक्सिलरेटर टाकणं निरर्थक आहे, राखेत तो आधीच ढिगाने आहे. तीन-चार दिवस वाट पाहा, साय फुटली की माल पुढे बसतो. तरीही बसला नाही तर राखेचा वाटा कमी करा.

माल साच्यातून वर फुगून आला आणि कापल्यावर आत पावासारखी छिद्रं दिसली तर ॲल्युमिनियम पुरतं संपलेलं नव्हतं. २४ तासांऐवजी ४८ तास भिजत ठेवा. उलट बारा-पंधरा मिनिटांतच माल मिक्सरमध्ये घट्ट झाला तर राखेतला मोकळा चुना आणि क्लोराइड जास्त आहे. पाणी वाढवून तो सैल करण्याचा मोह आवरा, आधी भिजवण्याचा वेळ वाढवा.

ब्लॉकवर पांढरा लोणा धरला तर मीठ बाहेर येतंय. घासून टाकला तरी पुन्हा येईल. लोणा दिसणं म्हणजे पाण्याची वाट उघडी असणं, आणि त्या वाटेने उद्या दुसरंही काही येऊ शकतं.

मीठ आधी धुऊन काढणं हा उपाय पुस्तकात हमखास असतो. राखेच्या तिप्पट-चौपट पाण्यात दोनदा धुतली तर बहुतेक क्लोराइड निघतं आणि पुढे सिमेंट खूप कमी लागतं. पण ते खारट पाणी जायचं कुठे? त्यात शिसंही असतं. समुद्रकाठच्या देशांचं गणित वेगळं. इथे ते पाणी नाल्यात सोडलं तर गिरणा, वाघूर, पांझरा, शेवटी तापी. रावेर-यावलच्या केळीला खारं पाणी मानवत नाही हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बाष्पीभवनाची यंत्रणा आणि उरलेल्या मिठाची सोय नसेल तर राख धुण्याच्या फंदात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

चाचणी: कशाला पास म्हणायचं

ताकदीची चाचणी सोपी आहे. ७०.६ मिलिमीटरचा घन साचा, २७ अंशांवर क्युरिंग, २८ दिवसांनी दाबून बघायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बांधलेल्या कचऱ्यासाठी धरलेली किमान ताकद ०.३४ मेगापास्कल आहे. या घनाचा चेहरा साधारण ५० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे १.७ किलोन्यूटन, सुमारे पावणेदोनशे किलोचा भार. ही मर्यादा फारच कमी आहे, वर माती आणि बुलडोझर पेलण्यापुरती. ताकद पास झाली म्हणजे काम संपलं असं कोणी म्हणत असेल तर त्याला पुढची चाचणी दाखवा.

टीसीएलपी, म्हणजे मालातून विष किती पाझरतं त्याची ठरलेली चाचणी: १०० ग्रॅम माल ९.५ मिलिमीटरच्या खाली फोडायचा, २० पट ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात टाकायचा, मिनिटाला ३० फेऱ्यांनी १८ तास उलटा-सुलटा फिरवायचा, गाळून धातू मोजायचे. अल्कली मालाला २.८८ पीएचचं द्रावण लागतं. आपल्याकडच्या २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत यासाठी शिसं ५, कॅडमियम १, क्रोमियम ५ आणि पारा ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा आहेत.

या चाचणीत एक खोच आहे. त्या द्रावणातलं ॲसिड मालाच्या दर ग्रॅमला फक्त २ मिलिइक्विव्हॅलंट (ॲसिड-अल्कली मोजायचं एकक) अल्कली मारू शकतं. ओपीसीमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण ६३ टक्के, म्हणजे नुसतं १० टक्के सिमेंटसुद्धा एवढं ॲसिड पिऊन टाकण्याच्या ताकदीचं. याचा अर्थ, प्रमाण जुळवून चाचणीच्या शेवटी पीएच ९ ते ११ मध्ये आणला की शिसं कमी दिसतं आणि माल पास होतो. सिमेंट थोडं वाढवलं की शेवटचा पीएच १२ च्या वर जातो आणि तोच माल नापास होतो. म्हणून प्रयोगशाळेकडे धातूंच्या आकड्यासोबत गाळलेल्या द्रावणाचा शेवटचा पीएच मागायचाच. तो लिहिला नसेल तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही. नंतर उघड्यावर पडलेला ब्लॉक हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पीएच ८-९ कडे उतरतो. तिथे शिसं, कॅडमियम आणि झिंक कसं वागतील हे पाहायला वेगवेगळ्या पीएचवर, ४ पासून १३ पर्यंत, तोच माल तपासावा. खर्च वाढतो, पण आपण कुठे उभे आहोत हे कळतं.

दुसरी खोच पातळ होण्याची. १०० किलो राख, ३० किलो सिमेंट, ५५ लिटर पाणी मिळून १८५ किलो माल झाला. त्यात राख फक्त ५४ टक्के. समजा टीसीएलपीत कच्च्या राखेचं शिसं लिटरला ४० मिलिग्रॅम आलं होतं. काहीही रसायन न घडता, नुसतं वजन वाढल्यामुळे ते २१.६ दिसायला हवं. आकडा २० आला तर सिमेंटने काहीच बांधलेलं नाही. ३ आला तर खरंच बांधलंय. ही भागाकाराची ओळ प्रत्येक अहवालाखाली स्वतः लिहावी.

टीसीएलपीत ब्लॉक फोडून तपासतात, त्यामुळे छिद्रं किती बारीक आहेत ते कळत नाही. त्यासाठी अखंड घन पाण्यात बुडवून ठेवायची टाकीची चाचणी आहे: पाव दिवस, मग १, सव्वादोन, ४, ९, १६, ३६ आणि ६४ व्या दिवशी पाणी बदलायचं आणि दर वेळी मोजायचं. हिची साधी आवृत्ती शेडमध्येही होते. प्लॅस्टिकच्या डब्यात घन, डिस्टिल्ड पाणी, आणि दर बदलाला वाहकता. वाहकता वेगाने घसरून स्थिरावली तर फक्त पृष्ठभागाचं मीठ धुऊन गेलं. चढीच राहिली तर आतून पाझर सुरू आहे. खानदेशाला थंडीत गोठण्याची चाचणी कामाची नाही. ओलं-कोरडं करण्याची मात्र नक्की करा: ६० अंशांवर वाळवणं आणि पाण्यात बुडवणं, अशा १२ फेऱ्या. कोरडं आठ महिने आणि मग जून ते सप्टेंबर पाऊस, असंच इथलं हवामान आहे.

जागा आणि कागद

२०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत इन्सिनरेटरची राख आणि धूर-शुद्धीकरणाचे अवशेष ३७.२ क्रमांकाला आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्राशिवाय ती कोणी बांधू शकत नाही, आणि आपल्या आवारात साधारणपणे ९० दिवसांहून जास्त ठेवू शकत नाही. रंजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे सामाईक प्रक्रिया केंद्रं आहेत, तिथे सुरक्षित लँडफिल आहे, आणि सिमेंटची ही प्रक्रिया बहुतेक वेळा तिथेच होणं योग्य. हिशोब करून पाहा: वरच्या उदाहरणात १०० किलो राखेचा १८५ किलो माल झाला. इथे बांधून पाठवलं तर ट्रकचं भाडं जवळपास दुप्पट. इथे बांधण्याचं एकच चांगलं कारण उरतं, वाटेत धूळ उडू नये. त्यासाठी आतून अस्तर असलेल्या जंबो बॅगा पुरतात.

साठवण्याची जागा काळ्या मातीवर करायची असेल तर आधी माती काढा. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते, वरचा कोबा ती पहिल्याच वर्षी तडकवते. किमान मीटरभर खोदून मुरूम भरून रोलर फिरवा, त्यावर दीड मिलिमीटरची एचडीपीई प्लॅस्टिकची शीट, मग सळईचं काँक्रीट, चहूबाजूंनी वीतभर उंच कठडा आणि कोपऱ्यात बंद खड्डा. वर पत्रा, आणि पत्र्याचं पाणी बाहेरच्या बाजूला.

बांधलेल्या मालाच्या विटा, पेव्हर, कुंपणाचे खांब करून विकण्याची कल्पना अधूनमधून कोणीतरी मांडतं. नियम ९ प्रमाणे धोकादायक कचऱ्याचा असा वापर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार आणि राज्य मंडळाच्या परवानगीनेच करता येतो. कायदा बाजूला ठेवला तरी पेव्हर झिजतो, फुटतो, त्याची खडी होते, मुलं त्यावर खेळतात. बांधण्याचा सगळा उपयोग ब्लॉक अखंड आणि कोरडा राहण्यावर अवलंबून आहे, आणि रस्त्यावर ते दोन्ही टिकत नाही.

आणखी एक गोष्ट भट्टीच्या आधीची, पण राखेचं निम्मं गणित तिथेच ठरतं. दवाखान्यात सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या लाल पिशवीत गेल्या तर ते सगळं ऑटोक्लेव्ह होऊन (वाफेने निर्जंतुक होऊन) तुकडे करणाऱ्या श्रेडरला जातं. तेच घाईघाईत, भट्टीत जाणाऱ्या पिवळ्या पिशवीत पडलं तर भट्टीत पीव्हीसी जळतं, क्लोरीन वाढतो, आणि जे धातू तळाच्या राखेत राहिले असते ते उडून फिल्टरला येतात. फिल्टरच्या राखेचा क्लोराइड दर महिन्याला मोजून वहीत लिहा. तो अचानक वाढला तर सिमेंटचं प्रमाण बदलण्याआधी त्या महिन्यात कोणत्या दवाखान्याच्या पिवळ्या पिशव्यांत नळ्या आल्या, ते आधी शोधा.